गाडीची वही : नावाला किती मोजायचं?

३ जानेवारी (८१,४२० किमी)

आजपासून गाडीची वेगळी वही. काल विम्याचा कागद शोधताना डॅशबोर्डच्या कप्प्यातून तीन वर्षांच्या बिलांचा गठ्ठा निघाला. बहुतेक बिलांवर काय घातलं ते आहे, कुणाचं घातलं ते नाही. ‘ऑईल फिल्टर, १ नग.’ तो चांगला होता की वाईट, किती किलोमीटर टिकला, आता सांगता येत नाही.

काउंटरवर दर वेळी एकच प्रश्न येतो, "कंपनीचं देऊ की साधं?" आणि मी दर वेळी अंदाजाने उत्तर देते. कधी भीतीपोटी महागातलं घेतलं, कधी महिनाअखेर होती म्हणून स्वस्तातलं. यंदा प्रत्येक खरेदीचं कारण लिहून ठेवायचं. रकाने: तारीख, किलोमीटर, वस्तू, रक्कम, बनवणारा, का घेतलं. शेवटचा रकाना मुद्दाम रुंद आखलाय.

पहिल्या पानावर घसारा. गेल्या जानेवारीत गाडी विकली असती तर किती आले असते आणि आज किती येतील, तो फरक. त्याचं बिल कधीच हातात पडत नाही, म्हणून तो कुणी धरत नाही. मी धरणार आहे. गाडी आठ वर्षांची आहे, म्हणजे घसाऱ्याचा सगळ्यात मोठा फटका बसून गेलाय. तरीही आकडा लिहिताना हात थबकला.

१८ जानेवारी (८२,०१० किमी)

ऑईल बदली. दोन डबे शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरं वाचली. एक नावाजलेला, दुसरा जवळपास निम्म्या किमतीचा आणि नाव कधी न ऐकलेला.

आधी गाडीचं पुस्तक काढलं. त्यात कुठल्याही ऑईल कंपनीचा आग्रह धरलेला नाही. दोनच गोष्टी मागितल्यात: ५डब्ल्यू-३० ही श्रेणी आणि एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, ऑईलचे दर्जे ठरवणारी संस्था) ठरावीक वर्ग किंवा त्यापुढचा. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑईल थंड इंजिनात लवकर वर चढतं. नंतरचा ३० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते सांगतो. हे आकडे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या तक्त्यातून येतात आणि सगळ्या कंपन्यांना सारखेच लागू असतात.

दोन्ही डब्यांवर एपीआय एसपी आहे. हा वर्ग २०२० मध्ये आला. लहान टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर होणारं अवेळी ज्वलन आणि टायमिंग चेनची झीज यांच्या चाचण्या त्यात आहेत. खरा फरक पुढे सापडला. स्वस्त डब्यावर एपीआयचं गोल चिन्ह होतं, जे छापायला परवाना लागतो. दुकानात तिसराही एक डबा होता, दिसायला सगळ्यात देखणा. त्यावर नुसतं ‘एसपी दर्जासाठी योग्य’ असं लिहिलं होतं. असं वाक्य विकणारा स्वतःच्या जिवावर छापतो, त्यामागे कुणाची तपासणी असेलच असं नाही. चिन्हवाला स्वस्त डबा घेतला.

फिल्टर मात्र नावाजलेल्या कंपनीचा. मागच्या दोन ऑईल बदलींचे जुने फिल्टर मेकॅनिककाकांकडे पडून होते, ते करवतीने कापून बघितले. वास डोक्यात गेला, हात दिवसभर काळे, पण बघितलं ते बरं झालं. चांगल्या फिल्टरच्या कागदाला ५८ चुण्या, एकसारख्या. साध्याला ४१, आणि एका बाजूला तीन चुण्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. चुण्यांच्या संख्येवरून गाळण्याची क्षमता पुरती कळत नाही, कागद कसला आहे त्यावरही ती अवलंबून असते. पण आतला रबरी पडदा बोटाने दाबून बघितला. इंजिन बंद असताना ऑईल खाली उतरू नये म्हणून तो असतो. चांगल्यातला अजून मऊ होता. साध्यातला वाळलेल्या चामड्यासारखा कडक झाला होता. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद इंजिन खडखडायचं, ते त्याच फिल्टरच्या काळात. मी ते गाडीच्या वयावर ढकललं होतं.

शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘हा बिघाड मला बाहेरून दिसला नसता.’ पुढच्या खरेदीलाही हाच प्रश्न विचारून बघायचा.

४ फेब्रुवारी

वायपर. साधे घेतले. खराब झाले तर काचेवर रेघ उमटते, आवाज येतो, त्याच दिवशी कळतं. जुने फेकण्याआधी रबराची कड ओल्या फडक्याने पुसून बघितली तर अर्ध्या रेघा गेल्याच! म्हणजे काही वेळा खर्च फडक्यात भागला असता. नवे आणलेच होते, ते डिकीत ठेवले.

९ फेब्रुवारी

डाव्या हेडलाईटचा बल्ब गेला. दुकानात ‘दुप्पट उजेड’ असं लिहिलेली जोडी पुढे केली गेली. हॅलोजनमध्ये जास्त उजेड काढायचा तर तार जास्त तापवावी लागते आणि तिचं आयुष्य घटतं. तोच बल्ब ‘दीर्घायुषी’ प्रकारातही मिळतो, त्याचा उजेड थोडा पिवळट. मी ठरल्या वॅटचा, ओळखीच्या कंपनीचा, नेहमीचा घेतला. इथे नावाला पैसे दिले, कारण तार बल्बच्या आत नेमक्या जागी नसेल तर प्रकाशाची कड बिघडते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. तो त्रास मला नाही, त्याला होणार. बल्ब दोन्हीकडचे एकदमच बदलले. काचेला उघडं बोट लावलं नाही. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

११ मार्च (८४,३५० किमी)

टायर. दोन आठवडे वाचत, मोजत होते.

पुढच्या दोन्ही टायरची नक्षी २.४ मिमी उरली. खाचांमध्ये जे बारके उंचवटे असतात ते १.६ मिमीवर असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या बऱ्याच आधीपासून सुटायला लागते, म्हणून ३ मिमीनंतर मी लांबच्या प्रवासाला निघत नाही. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये चार तळहातांएवढं रबर असतं, बस. ब्रेक कितीही चांगले असोत, गाडी थांबते ती त्या तळहातांवर.

हा संच साधा घेतला होता. नव्याची खोली ७.५ मिमी होती, २९,००० किमीत २.४ वर आली. म्हणजे दर मिमीला साधारण ५,७०० किमी. त्याआधीचा नावाजलेला संच जुन्या बिलांच्या गठ्ठ्यातून हुडकला: ८ मिमीपासून ३ मिमीपर्यंत ४४,००० किमी, दर मिमीला ८,८००. किंमत दीडपट होती. किलोमीटरला भागलं की दोघे जवळपास एकाच रेघेवर येतात, आणि पावसातली पकड हिशेबात न धरताच. पकडीला मी किंमत कशी लावू? ओल्या उतारावर समोरचा अचानक थांबला आणि माझी गाडी त्याच्या डिकीला टेकता टेकता राहिली, तो प्रसंग साध्या संचावर घडला. त्याचा सगळा दोष टायरला देता येणार नाही, मीही जवळ होते. पण पुन्हा ते नको.

नावाजलेले घेतले. ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी ज्यांवर छापलेली आहे, त्यांतूनच निवडले. बसवून घेण्याआधी टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा कोड वाचला: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानदाराने आधी काढलेले चारही टायर तीन वर्षांचे जुने निघाले. "साहेब कधी विचारत नाहीत," तो म्हणाला. मी विचारलं, म्हणून आतून दुसरे आले. नाव तेच, किंमत तीच, आणि वयात तीन वर्षांचा फरक.

नायट्रोजन भरून घेतला नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्याला साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरतोच, तो मी स्वतः मोजून भरणार.

१४ एप्रिल (८५,२०० किमी)

ही नोंद लिहिताना अजून राग आहे.

मागच्या महिन्यात पुढचे ब्रेक पॅड बदलले. नाव मोठ्या कंपनीचं, डबा तिच्याच रंगाचा, किंमत नेहमीपेक्षा थोडी कमी. वाटलं, सवलत असेल. आठवड्याभरात चाकांवर काळी पूड दिसायला लागली. मग कर्कश आवाज. मग एका सकाळी ब्रेक दाबला आणि पाय नेहमीपेक्षा खोल गेला.

काकांनी चाक काढून पॅड माझ्या हातात दिला. "ताई, नखाने कड घासून बघा." घासली. कडेचा मसाला खडूसारखा भुरभुर सुटला. मागच्या लोखंडी पट्टीवर कंपनीचं नाव होतं, पण दोन अक्षरांमधली जागा डब्यावरच्यापेक्षा वेगळी. आणि जे हवं होतं ते नव्हतंच: वर्तुळात ‘ई’, शेजारी देशाचा आकडा आणि ९० आर. संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाखाली पास झालेल्या पॅडवर ही खूण असते. त्यात बदली पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत यावं लागतं. ज्या गाड्यांना तो नियम लागू आहे, त्यांच्या पॅडवर ती खूण शोधायचीच. माझ्या गाडीच्या मूळ पॅडवर ती होती.

डुप्लिकेट. दुकानदाराने पैसे परत केले, पण वस्तू कुठून आणली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी नावाचे पैसे मोजले आणि नुसतं नावच मिळालं. नावाची नक्कल होते ती त्याला किंमत आहे म्हणूनच. तेव्हा रकान्यात आणखी एक भर: ‘कुणाकडून घेतलं’.

काकांकडून आज एक नवीन गोष्ट कळली. गाडी बनवणारी कंपनी पॅड, फिल्टर, बल्ब, बॅटरी बहुधा स्वतः बनवत नाही. ते पुरवठादार बनवतात. तोच पुरवठादार तीच वस्तू स्वतःच्या डब्यात, गाडीच्या कंपनीचं बोधचिन्ह न लावता विकतो आणि ती स्वस्त पडते. त्यांनी जुन्या मूळ पॅडच्या पाठीवरचं पुरवठादाराचं नाव वाचून दाखवलं आणि त्याच नावाचा डबा त्यांच्या नेहमीच्या घाऊक विक्रेत्याकडून मागवला. आला तेव्हा खूण होती, कड घट्ट होती. जुना आणि नवा पॅड शेजारी ठेवून बघितले. लोखंडी पट्टीवरचे छिद्रांचे ठसेसुद्धा जुळले.

बसवल्यावर पहिले काही किलोमीटर हळूहळू, पुन्हा पुन्हा हलका ब्रेक दाबून पॅड बसू दिले. आता पाय नेहमीच्या जागी थांबतो.

२० एप्रिल

दाराची बिजागरी करकरते. डब्ल्यूडी-४० मारलं, चार दिवस शांत, परत करकर. हा द्रव १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी बनवला गेला. ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलेलं सूत्र. गंज सोडवायला, ओल काढायला उत्तम. बिजागरीला ग्रीसच हवं. लावलं. आवाज बंद.

२६ मे (८७,९०० किमी)

महागड्या पेट्रोलचा प्रयोग संपला. चार टाक्या साध्या, चार टाक्या महागड्या, प्रत्येक वेळी त्याच पंपावर, नळी आपोआप बंद पडेपर्यंत भरून. साधं: लिटरला १४.३ किमी. महागडं: १४.४. एवढा फरक रहदारीनेही पडतो.

कारण सरळ आहे. महागडं म्हणजे जास्त ऑक्टेनचं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, दाबाखाली अवेळी पेटण्याला ते किती विरोध करतं त्याचं माप. ज्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागतं त्याच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. माझ्या पुस्तकात नाही.

एका बाबतीत पंपाच्या नावाला अर्थ असू शकतो: पेट्रोलमधली साफ करणारी रसायनं. २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून ‘टॉप टिअर’ नावाचं मानक आणलं. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये चाचणी घेतली, त्यात मानकाबाहेरच्या पेट्रोलने इंजिनात सरासरी १९ पट जास्त साका धरला. आणि ते मानक पाळणाऱ्याला सगळ्या श्रेणींच्या पेट्रोलमध्ये ती रसायनं घालावी लागतात, फक्त महागड्या नव्हे.

प्रयोगाच्या शेवटी एक वेगळीच गोष्ट झाली. छतावरचा सामानाचा कॅरिअर वर्षभर रिकामाच वर होता. तो काढला, पुढच्या तीन टाक्या साध्या पेट्रोलच्या: १४.९! कॅरिअरला हवा अडते. चार नटबोल्ट मला सोडवायला लागले, बस.

१९ जून

नेहमीच्या जागी वेळ नव्हती म्हणून दुसरीकडे सर्व्हिसिंग. बिलात न विचारता ‘इंजिन फ्लश’ आणि ‘इंजेक्टर क्लीनिंग’. गाडीचं पुस्तक उघडून देखभालीचं पान दाखवलं. त्यात दोन्ही नाहीत. वाद झाला, रक्कम वजा झाली. वहीत लिहिलं: ‘गाडी देण्याआधी कामाची यादी लिहून, सही घेऊन द्यायची.’

२ ऑगस्ट (९०,६०० किमी)

बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर मीटर लावला: १२.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सुरू करताना आकडा ८.९ पर्यंत खाली गेला. पाच वर्षं झाली होती, तिचं काम झालं.

इथे नावाचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा छोटा निघाला. एकाच कारखान्यातून अनेक नावांच्या बॅटऱ्या बाहेर पडतात. बघायचं ते: आकार, टर्मिनल कुठल्या बाजूला, थंडीत सुरू करायची ताकद (उणे १८ अंशांना ३० सेकंद किती अँपिअर देते), बनवल्याची तारीख, आणि हमी किती महिन्यांची व कशी मिळते. मधल्या किमतीची, दोन महिन्यांपूर्वी बनलेली घेतली. गाडीला सिग्नलवर आपोआप बंद होणारं इंजिन असतं तर अशा गाड्यांसाठी बनवलेली, एजीएम किंवा ईएफबी प्रकारचीच घ्यावी लागली असती.

१३ सप्टेंबर

ब्रेक फ्लुईड. डॉट ४, साधं पण मानकाचं. हा द्रव हवेतलं पाणी ओढून घेतो. कोरडा असताना डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. पाणी शिरलं की ती मर्यादा १५५ वर येते. उकळला की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय तळाला लागतो. म्हणून इथे नावापेक्षा झाकण महत्त्वाचं: बाटली सीलबंद हवी आणि उरलेलं ठेवायचं नाही. काकांकडे अर्धी उघडी बाटली होती, नको म्हटलं. त्यांनी जरा नाराजीने नवीन फोडली.

कूलंट मात्र पुस्तकातल्या प्रकाराचाच. हिरवा की गुलाबी यावरून काही ठरत नाही, रंगाला मानक नसतं. आतली गंजरोधक रसायनं वेगळी असतात. आणि नुसतं घट्ट कूलंट ओतणं चूक. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, पाण्याशी निम्मं-निम्मं मिसळलं की उणे ३७ पर्यंत टिकतं.

२७ डिसेंबर (९५,१०० किमी)

बेरीज. वर्षाच्या खर्चाचे १०० भाग केले: घसारा ३४, इंधन ३१, विमा आणि कर १३, सर्व्हिसिंग आणि सुटे भाग ९, टायर ७, पार्किंग-टोल-धुलाई ६.

‘कंपनीचं की साधं’ हा प्रश्न फक्त ९ आणि ७ या दोन आकड्यांना लागू पडतो, त्यातूनही मजुरी वजा. साधं घेऊन मी जे वाचवलं (ऑईल, वायपर, ब्रेक फ्लुईड, मधली बॅटरी) ते दीड भागाच्या जवळ. कॅरिअर वर्षभर आधीच काढला असता तर इंधनात सव्वा भाग वाचला असता. आणि गाडी आणखी तीन वर्षं ठेवली तर घसाऱ्याचा ३४ आपोआप उतरत जाईल.

गाडी ठेवायची तर ती नीट राहायला हवी, म्हणून फिल्टर, पॅड आणि टायरला मोजलेले पैसे मला अजिबात खटकत नाहीत. जिथे बिघाड आधी डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो, तिथे पुढच्या वर्षीही साधंच घेईन. जिथे तो थेट उतारावर कळेल, तिथे नाही.

वही मिटण्याआधी टायरची हवा तपासली. सवयीने स्टेपनीपाशीही गेले, वर्षात पहिल्यांदाच. हवा निम्मी. बाजूवरचा कोड: २३१७. २०१७ चा तेविसावा आठवडा, गाडीएवढीच जुनी. चार नवे टायर इतक्या बारकाईने निवडले आणि पाचव्याकडे बघितलंच नाही. हवा भरून ठेवली. नव्या वर्षाच्या पानावर पहिली ओळ लिहिली: स्टेपनी.